पाच अतिचार आणि ओट्याखालचे पिलू



गेल्या माघ महिन्यातील गोष्ट. कारंज्यातील आमच्या घराच्या ओट्याखाली एक गावठी पिलू थंडीने कुडकुडत बसलेले आढळले. त्याची आई मालमोटारीखाली सापडून गेली, असे शेजाऱ्यांनी सांगितले. वय असेल दीड-दोन महिन्यांचे. पाचवीत शिकणाऱ्या आमच्या नातीने त्याला पोत्यात गुंडाळून घरात आणले आणि ‘मोत्या’ असे त्याचे नामकरणही करून टाकले. सौभाग्यवतींचा विरोध होता. ज्या घरात त्यागींच्या आहारासाठी चौका लागतो, तेथे कुत्रे कसे पाळायचे, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. परंतु नातीने पाठशाळेतील दाखला दिला : “आजी, जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला होता ना? हे तर जिवंत आहे!” यावर आजी निरुत्तर झाली. “स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत याचे पाऊल पडता कामा नये,” एवढ्या एका अटीवर मोत्याला आश्रय मिळाला.

त्याला वळण लावण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. तीन तपे बँकेत काढली, अनेक शाखांच्या तपासण्या केल्या. एका पिलाची शिस्त ती काय, असा माझा समज होता. मी त्याला ओसरीच्या खांबाला हातभर साखळीने बांधले. घरात घाण केली की वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके द्यायचे, असा नियम केला. रात्री फरशी ओली होऊ नये म्हणून सूर्यास्तानंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवू लागलो. खाण्यास सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी. सारे कसे ठरल्याप्रमाणे चालले होते.

महिनाभरात त्याचे फळ दिसू लागले. मोत्या आता समोर लघवी करीत नसे. दिवाणाखाली, कोठीच्या मागे, जेथे माझी नजर पोहोचणार नाही अशा जागी करी. मी सकाळी वर्तमानपत्र उलगडले, की त्या आवाजानेच तो अंग चोरून घेई. रात्री तो कण्हत असे. पुढचे दोन्ही पाय किंचित वाकडे पडू लागले होते. पिलू हट्टी आहे, असा शेरा मी मनोमन नोंदवून टाकला.

चैत्रातील एका संध्याकाळी नात ओसरीवर बसून पाठशाळेचा पाठ घोकत होती. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. दोनदा म्हणून झाले आणि ती थांबली. तिने साखळीकडे पाहिले, कोनाड्यातील कागदाच्या गुंडाळीकडे पाहिले आणि नुकत्याच उचलून ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, “आबा, हे आपल्याकडेच चाललंय का?”

बँकेतील कारकीर्दीत मी इतरांच्या वह्यांतील चुका काढल्या. माझी तपासणी इतक्या थोड्या शब्दांत कोणी केली नव्हती. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायाचा हा भाग मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु तो बैल, घोडे, गडीमाणसे यांच्यासाठी आहे अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी मोत्याला पशुवैद्यकांकडे नेले, आणि ते जे सांगत गेले ते मी मनातल्या मनात त्या पाच शब्दांखाली मांडत गेलो.

पहिला बंध. पिलाला मोकळे सोडून चालत नाही, हे खरे. रस्त्यावरील वाहने आहेत, आणि आपल्या तालुक्यात तर सोहोळ-कारंजा अभयारण्यातील काळविटेही आहेत. कुत्र्याने शेताशेतांतून त्यांच्या मागे लागावे, हे आपणास शोभणारे नाही. परंतु फिरविताना पट्टा हातात धरणे वेगळे आणि दिवसभर हातभर साखळीला खिळवून ठेवणे वेगळे. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलू जगाशी ओळख करून घेते. माणसे, मुले, कुकरची शिट्टी, मंदिरातील घंटा, गाड्यांचे आवाज यांचा या काळात सौम्यपणे परिचय झाला, तर ते पुढे भित्रे किंवा चावरे होण्याचा संभव कमी होतो. त्यातील बहुतेक काळ मोत्याने माझ्या खांबापाशी घालविला होता.

दुसरा वध. येथे वध म्हणजे जीव घेणे नव्हे, तर काठी, चाबूक यांनी मारणे, असे टीकाकारांनी स्पष्ट केले आहे. माझ्या फटक्यांतून मोत्याने ‘घरात घाण करू नये’ हा धडा घेतलाच नव्हता. ‘या माणसासमोर करू नये’ एवढाच घेतला होता. पिलाला काही क्षणांपूर्वीची कृती आणि आताची शिक्षा यांची सांगड घालता येत नाही. त्याऐवजी झोपेतून उठल्यावर, खाणे झाल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला दर वेळी अंगणातील एकाच ठरलेल्या जागी न्यावे. काम होताच तत्क्षणी कौतुक करावे, शेंगदाण्याएवढा खाऊ द्यावा. घरात चूक झाली, तर न बोलता पुसून काढावे. त्याला वास राहू देऊ नये, कारण वासावरून पिलू पुन्हा तीच जागा शोधते.

तिसरा छेद. ऐट दिसावी म्हणून काही जातींच्या कुत्र्यांच्या शेपट्या व कान कापण्याची रीत आहे. सुदैवाने या अतिचारातून आमचे घर सुटले.

चौथा अतिभारारोपण. पिलावर कसला भार, असे मला वाटले होते. पशुवैद्यकांनी एक ठोकताळा सांगितला : वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवावा; साधारण तितके तास पिलू लघवी आवरू शकते. म्हणजे दोन महिन्यांच्या जिवाकडून मी दहा तासांची अपेक्षा केली होती. त्याच्या शक्तीबाहेरची ती अपेक्षा हाच भार. रात्री एकदा मला उठावे लागत होते. ते टाळण्यासाठी मी तो भार त्याच्यावर टाकला होता. शिकविण्याचेही तसेच. पाच मिनिटांचा पाठ दिवसातून तीन-चार वेळा, याहून अधिक त्याला झेपत नाही.

पाचवा अन्नपाननिरोध. आपल्याकडील चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात मी त्याचे पाणी तोडत होतो, याची आजही लाज वाटते. चौविहाराचा नियम माणूस स्वेच्छेने घेतो. मुक्या जिवावर तो लादता येत नाही. खाण्याची शेवटची वेळ मात्र आमच्याबरोबर सूर्यास्तापूर्वी ठेवली, आणि त्याने रात्रीच्या स्वच्छतेला मदतच झाली.

अन्नाचा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. पोट भरलेले होते, तरी पिलू उपाशी होते. दूध-पोळीतून वाढत्या हाडांना लागणारे प्रथिन आणि खनिजे पुरेशा व योग्य प्रमाणात मिळत नव्हती. पाय वाकण्याचे कारण हेच. पशुवैद्यकांनी अंड्याविषयी विचारले, आम्ही असमर्थता सांगितली. त्यांनी ती मान्य केली, पण एक अट घातली : मनाने आहार ठरवायचा नाही. कुत्रा हा शतकानुशतके माणसाच्या भाकरीवर वाढलेला प्राणी आहे. कुत्र्यांत पिष्टमय अन्न पचविण्याची जनुकीय क्षमता लांडग्यांहून अधिक आहे, हे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. म्हणून शाकाहारावर त्याला वाढविता येते. मांजराला तसे येत नाही. परंतु वाढत्या पिलासाठी तो आहार तोलून-मापून, पशुवैद्यकांच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो. मऊ शिजविलेली डाळ-भात, पनीर, दही, त्यांनी लिहून दिलेले खनिज मिश्रण, दिवसातून तीन वेळा, आणि दर आठवड्याला वजनाची नोंद. ही नोंदवही मात्र मी नीट ठेवली. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक. आमच्या घरात ते नसतातच. परंतु मनुका, बेदाणे आणि चॉकलेट हेही त्याला विषासमान आहेत, हे मुलांना सांगून ठेवावे लागले.

घरी आल्यावर मी प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा, १९६० काढून वाचला. कलम ११ मध्ये काय काय गुन्हा ठरविले आहे, पाहा : जनावरास मारणे, त्यावर अतिभार टाकणे, त्याचे अवयव तोडणे, अवाजवी आखूड साखळीने बांधणे, पुरेसे अन्नपाणी न देणे. पाचही अतिचार तेथे ओळीने भेटले! नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरविण्यात हयगय करणे, हेही त्यात स्वतंत्रपणे नमूद आहे.

लसींविषयी दोन शब्द. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर या रोगांवरील लसी ठरावीक अंतराने द्याव्या लागतात, जंतांचे औषधही द्यावे लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्या वेळी. पिलाचे दात किंवा नख लागून ओरखडा उठला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. लहान पिलू आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. गुंतागुंतीच्या आजारांसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आपल्या जिल्ह्याला जवळ आहे.

राहिली सौभाग्यवतींची अट. नात रोज उंबऱ्याबाहेर एक चटई अंथरी. मोत्या तिच्यावर बसला की खाऊ मिळे. उंबरा ओलांडला की ती गप्पपणे त्याला उचलून परत चटईवर ठेवी, आणि खाऊ मिळत नसे. तीन आठवडे घरातील पाचही जणांनी हा एकच नियम एकाच पद्धतीने पाळला. एकाने लाडाने आत बोलवायचे आणि दुसऱ्याने हाकलायचे, असे झाले असते तर पिलाचा दोष नसता.

मोत्याचे पाय आता बरेच सरळ झाले आहेत. वर्तमानपत्राची भीती मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. मी पान उलटले की तो एकदा मान वर करून माझ्या हाताकडे पाहतो. म्हणून हल्ली मी वर्तमानपत्र त्याच्या शेजारी, जमिनीवर बसून वाचतो. पाने सावकाश उलटतो.