जुनी गाणी, नवे गळे आणि हक्काचा वाटा

ठाण्याचे गडकरी रंगायतन 1978 मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी अमेरिकेत विली नेल्सन या ग्रामीण ढंगाच्या गायकाने ‘स्टारडस्ट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. या दोन घटनांचा परस्परांशी अर्थातच संबंध नाही. परंतु शनिवार-रविवारी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या नाट्यगृहांत जुन्या गीतांचे जे कार्यक्रम होतात, त्यांच्यामागील अर्थकारण समजून घेण्यास ती ध्वनिमुद्रिका उपयोगी पडते.

नेल्सनने आपल्या नेहमीच्या गाण्यांना बाजूला सारून मागच्या पिढीची शहरी, लोकप्रिय गीते निवडली. कंपनीचे अधिकारी साशंक होते. पुढे एकट्या अमेरिकेत पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. शीर्षकगीताची चाल होगी कारमायकेल यांनी 1927 मध्ये बांधलेली. एक्कावन्न वर्षांनी ती नव्या गळ्यातून आली तेव्हा ते हयात होते, आणि तिच्या प्रत्येक प्रतीमागे मोबदला देणे कंपनीला कायद्यानेच भाग होते. ठरावीक मोबदला देऊन कोणीही जुने गीत पुन्हा मुद्रित करावे, ही व्यवस्था तेथे 1909 पासून आहे. 1978 मध्ये हा दर प्रत्येक गीतास, प्रत्येक प्रतीमागे पावणेतीन सेंट होता. एवढासा वाटणारा हा दर पन्नास लाख प्रतींना लावला, तर एका गीतामागे सुमारे 1 लाख 37 हजार डॉलर होतात.

आपल्याकडेही 1957 च्या कायद्यात पुनर्मुद्रणाची तरतूद होती. मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, मोबदला भरून, दुसऱ्या गायकाकडून तेच गीत गाऊन घेता येई. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा जो पूर आला, त्याचा एक मोठा प्रवाह याच वाटेने वाहिला. मध्यमवर्गीय घरांत गाणे पोहोचले ही त्याची जमेची बाजू. तथापि मूळ गीतकाराच्या पदरात काय पडले? चित्रपटगीतांपुरते याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच देऊन ठेवले होते: वेगळा करार नसेल तर निर्माता हाच गीताचा प्रथम स्वामी. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना मोबदल्यात समान वाटा मिळाला. पुनर्मुद्रणासाठी थांबण्याची मुदतही दोनावरून पाच वर्षांवर गेली.

कलेचा प्रश्न निराळा आहे. कुमार गंधर्वांनी 1965 मध्ये ‘मला उमजलेले बालगंधर्व’ सादर केले, तेव्हा बालगंधर्वांच्या अनेक भक्तांना ते रुचले नाही. परंतु शीर्षकातील ‘उमजलेले’ या एका शब्दातच कुमारांची भूमिका होती. ती नक्कल नव्हती, आकलन होते. आज बहुतेक कार्यक्रमांत मूळ गायकाशी आवाज किती जुळतो यावर टाळ्या पडतात. यात श्रोत्याला दोष देणे सोपे आहे. वस्तुतः आयोजकाचेही गणित तेच असते: नाट्यगृहाचे भाडे, वादकांची बिदागी आणि जाहिरात यांचा खर्च आधी करावा लागतो, तेव्हा हमखास खपणारा माल तो मांडणारच. नव्या गीताची जोखीम एकट्या आयोजकाने का घ्यावी, हा त्याचा सवाल गैर नाही.

मात्र जोखीम टाळून मिळणारे उत्पन्न ज्यांच्या भांडवलावर उभे आहे, त्यांना वगळणे गैर आहे. धार्मिक समारंभ आणि विनामूल्य हौशी कार्यक्रम यांना कायद्याने सवलत दिली आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ती नाही. जनकवी पी. सावळाराम हे ठाण्याचेच, या शहराचे नगराध्यक्षपद भूषविलेले. 1997 मध्ये ते निवर्तले. मृत्यूनंतर साठ वर्षे या नियमाने त्यांच्या भावगीतांच्या शब्दांवरील स्वामित्व 2057 अखेरपर्यंत राहील. गदिमांच्या ‘गीतरामायणा’चे शब्द 2037 अखेरपर्यंत संरक्षित आहेत, तर सुधीर फडक्यांच्या चाली 2062 पर्यंत. जाहिरातीत मात्र गायकाचे छायाचित्र ठळक आणि गीतकाराचे नाव बहुधा नाहीच.

ठाण्यात सावळारामांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. नाट्यगृहाची तारीख देताना नाट्यप्रयोगाची कागदपत्रे पाहिली जातात. गीतांच्या कार्यक्रमासाठी परवान्याची पावती मागणे पालिकेला अवघड नाही.