मातेचा विश्वास, बाळाचे पोषण

नवजात बाळ थोडे अधिक रडले की घरातील एखादी वडीलधारी स्त्री सहज म्हणून जाते, ‘हिचं दूध पुरत नसावं.’ या बोलण्यामागे काळजीच असते. परंतु पहिलटकरणीच्या मनात शंकेचे बीज तेथेच पडते. सायंकाळपर्यंत वरच्या दुधाचा डबा घरात येतो. बाळ अंगावर कमी पिऊ लागते आणि जितके कमी प्यायले जाते तितके दूध कमी तयार होते. मागणी घटली की पुरवठा आटतो, हा व्यापारातील नियम शरीरही पाळते. अशा रीतीने शंका खरी ठरते. मात्र दूध आटण्याचे मूळ कारण पुष्कळदा ती शंकाच असते.

हे दुष्टचक्र कोठे तोडावे, याचे उत्तर परिचर्याशास्त्राने शोधले आहे. कॅनडातील संशोधक सिंडी-ली डेनिस यांनी १९९९ मध्ये स्तनपानविषयक आत्मविश्वासाचा सिद्धांत मांडला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या विचारांवर तो आधारलेला आहे. ‘हे मला जमेल’ असा विश्वास असलेली माता अडचणीतही टिकून राहते आणि हा विश्वास चार मार्गांनी घडतो, असे तो सांगतो.

पहिला मार्ग स्वानुभवाचा. जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी आले, त्याने केवळ स्तनाग्र नव्हे तर भोवतीचा काळसर भागही तोंडात घेतला, की मातेला धीर येतो. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार केवळ ४१.८ टक्के बालकांना पहिल्या तासात स्तनपान मिळाले. जाणती परिचारिका बाळाला स्वतः लावून देत नाही. मातेच्या हातांनीच लावून घेते.

दुसरा मार्ग इतरांच्या अनुभवाचा. नुकतीच या वाटेने गेलेली जाऊ, नणंद वा मैत्रीण शेजारी बसली, तर तिचे पाहून बरेच उमगते.

तिसरा मार्ग शब्दांचा. ‘घाबरू नकोस’ या मोघम बोलण्यापेक्षा ‘आज बाळाने तोंड छान मोठे उघडले’ हे नेमके वाक्य अधिक बळ देते.

चौथा मार्ग देह-मनाच्या स्वास्थ्याचा. भ्यालेली गाय पान्हा चोरते, हे गोठ्यातील जुने शहाणपण. वेदना, जागरण आणि चिंता यांनी मातेचाही पान्हा अडखळतो. टाके दुखत असतील तर कुशीवर निजून पाजावे. भेटीस येणाऱ्यांची वर्दळ काही दिवस आवरावी.

हा विश्वास मोजण्यासाठी डेनिस यांनी प्रश्नावलीही सिद्ध केली. २००३ मध्ये तिचे १४ विधानांचे संक्षिप्त रूप आले. माता प्रत्येक विधानास १ ते ५ गुण देते. जेथे गुण कमी, तेथेच परिचारिकेने साहाय्य करावयाचे.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पिते, पाचव्या दिवसानंतर रोज निदान सहा लंगोट ओले करते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते, या विश्वसनीय खुणा होत. बाळ सुस्त पडले, लघवी कमी झाली, कावीळ वाढली किंवा वजन घटतच राहिले, तर मात्र विलंब न करता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. अशा वेळी वैद्यकीय सल्ल्याने वरचे दूध द्यावे लागले, तर त्यात मातेचा पराभव नाही.

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर घराघरांत आस्थेने केली जाते. त्याच आस्थेने तिच्या कानावर पडणारे शब्दही निवडले जावेत. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला एकट्या मातेने पेलायचा नसतो. त्यात साऱ्या घराचा वाटा असतो.