काडी बिरसीत थांबते, जंगलात का थांबू नये?

गोंदिया शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या बिरसी विमानतळावर सुरक्षा तपासणीत प्रवाशाच्या खिशातून लायटर किंवा माचिस निघाली, तर ती तिथेच राहते. हातातल्या पिशवीत ती चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ही धावपट्टी अनेक दशके बहुतेक वेळ रिकामीच असे. उड्डाण प्रशिक्षणामुळे तिथे विमानांचा आवाज वाढला, 13 मार्च 2022 रोजी पहिली प्रवासी सेवा सुरू झाली आणि 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोची हैदराबादकडे जाणारी सेवा आली. विमानाबरोबर विमानाचे नियमही आले. काडी पुढे न्यायची नाही, हा त्यातला एक. त्यावर कोणी हुज्जत घालत नाही.

हा नियम माणसांच्या मृत्यूतून आला आहे. 11 जुलै 1973 रोजी ब्राझीलच्या व्हारिग कंपनीचे विमान पॅरिसजवळ शेतात उतरवावे लागले. मागच्या स्वच्छतागृहात आग लागली होती आणि धुराने विमान भरले होते. 134 पैकी 123 जण गेले. कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या जळत्या सिगारेटवर संशय होता. त्यानंतर स्वच्छतागृहातले धूम्रपान, कचऱ्याचे डबे आणि राखदाण्या यांचे नियम जगभर कडक होत गेले. ज्योत एका माणसाच्या हातात असली तरी धोका सगळ्यांना असतो, हे विमानसेवेने मान्य केले आणि त्याप्रमाणे व्यवस्था उभारली.

याच गोंदिया जिल्ह्यात, बिरसीपासून काही तासांच्या अंतरात, नागझिरा आणि नवेगावचे जंगल आहे. नागझिरा 1970 पासून अभयारण्य आहे आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. 8 एप्रिल 2021 रोजी तिथे वणवा विझवायला गेलेले तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले आणि त्यांचे सोबती गंभीर भाजले. आटोक्यात येत असलेली आग वाऱ्याने पुन्हा भडकली आणि माणसे मधेच सापडली. मृत मजुरांच्या कुटुंबांना मदत जाहीर झाली, श्रद्धांजली वाहिली गेली. विमानसेवेने पॅरिसनंतर जे केले, ते मात्र आपल्या जंगलांच्या बाबतीत अजून झालेले नाही.

कायदा नाही असे नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात, वनाधिकाऱ्याने मोकळा ठेवलेला काळ सोडून, आग पेटवणे, ठेवणे किंवा सोबत नेणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे कलम 30 अभयारण्याला धोका पोहोचेल अशी आग लावायला किंवा जळती सोडून जायला मनाई करते. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, हंगामी मजूर नेमले जातात आणि आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उपग्रहावरून मिळालेला इशारा मोबाइलवर येतो. पण हा इशारा आग लागल्यावरचा. काडी ओढली जाते त्या क्षणी तिथे फक्त तो माणूस असतो, आणि पायाखाली वाळलेला पाचोळा.

म्हणून पेटवण्याच्या पद्धतीकडे बारकाईने पाहिले पाहिजे. जगात सिगार ओढणाऱ्यांनी या विषयाचे शास्त्र करून ठेवले आहे. पेट्रोलवर चालणारा वातीचा लायटर ते टाळतात, कारण त्याचा वास तंबाखूत उतरतो. त्यांना ब्युटेन वायूचा लायटर चालतो किंवा लांब लाकडी काडी चालते, तीही टोकावरचे रसायन पूर्ण जळून गेल्यावरच. काही जण सिडार लाकडाची पातळ चीप पेटवून घेतात. सिगारचे टोक ज्योतीला टेकवत नाहीत. ते ज्योतीच्या थोडे वर धरून, फिरवत, सगळीकडून सारखे शेकतात आणि मग पहिला झुरका घेतात. हा सगळा खटाटोप चवीसाठी असतो आणि तो बंद खोलीत किंवा बागेतल्या खुर्चीत बसून होतो.

गोंदियाच्या जंगलात सिगार नाही, विडी आहे. विडीचे शास्त्र वेगळे आहे, आणि वणव्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. सिगारेटच्या कागदात तो जळत राहावा म्हणून द्रव्ये घातलेली असतात. विडी ज्यात गुंडाळतात त्या तेंदूच्या पानात तसे काही नसते. पान जाड, त्यातून हवा कमी खेळते, म्हणून थोडा वेळ झुरका घेतला नाही की विडी विझते. ओढणाऱ्याला एक तर भराभर झुरके घ्यावे लागतात, नाहीतर पुन्हा पेटवावी लागते. भराभर ओढल्यामुळे विडीतला तंबाखू कमी असूनही निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात भरपूर जाते. आणि पुन्हा पेटवण्यामुळे एका विडीला दोन-तीन काड्या लागतात. म्हणजे दोन-तीन जळक्या काड्या जमिनीवर पडतात. एप्रिलमध्ये सागाची, तेंदूची, मोहाची वाळलेली पाने पाचोळा होऊन पसरलेली असताना यातली प्रत्येक काडी एक जोखीम असते.

जुन्या काळी मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यात चकमक, पोलादाचा तुकडा आणि कापूस यांवर विडी शिलगत असे. त्यात ठिणगी कापसावर धरायची आणि निखाऱ्यावर विडी लावायची. ज्योत निघतच नसे. माचिस आली तशी ज्योत स्वस्त झाली. शिवकाशीत 1920च्या दशकात काडेपेटीचे कारखाने उभे राहू लागले, आपल्या अंबरनाथलाही विम्को कंपनीचा काडेपेटीचा मोठा कारखाना होता. 1 डिसेंबर 2021 पासून माचिस एक रुपयाची दोन रुपयांना झाली, इतकेच. त्यानंतर 29 जून 2023 रोजी केंद्राने वीस रुपयांहून कमी किमतीच्या लायटरची आयात थांबवली. त्यामागे काडेपेटी उद्योगाला वाचवण्याचा विचार होता. जंगलाचा विचार त्यात कुठेच नव्हता.

जंगलाच्या बाजूने पाहिले तर साधा बटणाचा गॅस लायटर काडीपेक्षा सुरक्षित आहे. अंगठा उचलला की ज्योत जाते, आणि टाकून द्यायला जळके लाकूड उरत नाही. पेट्रोलचा वातीचा लायटर मात्र झाकण लावेपर्यंत जळतच राहतो. हातातून पडला तरी जळतो. गॅसच्या लायटरलाही विदर्भाचा मे मानवत नाही. पारा पंचेचाळीसवर गेला असताना मोटारसायकलच्या डिकीत किंवा दगडावर उन्हात ठेवलेला लायटर फुटू शकतो. शेवटी विडीचे जळते थोटुक उरतेच, आणि ते कोणताही लायटर विझवत नाही. तेव्हा वणव्याच्या हंगामात जंगलासाठी योग्य लायटर कोणता, याचे प्रामाणिक उत्तर एकच: कोणताही नाही. विडी गावात, चुलीजवळ, उघड्या अंगणात ओढून यावे आणि खिसा रिकामा ठेवून रानात जावे.

एवढ्याने प्रश्न मिटत नाही. मध्य भारतातले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात आणि त्यातले पुष्कळ चुकून पडलेल्या काडीचे नसतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूला कोवळी, मोठी, लवचीक पाने यावीत म्हणून जमीन जाळली जाते. आगीने झुडूप वरून मरते आणि मुळातून नवे धुमारे फुटतात, हा अनुभव खोटा नाही. पण त्याच आगीत साग, ऐन, बीजा यांची रोपटी जातात, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, मातीतला ओलावा जातो. विडीचे पान मिळवायला जंगल पेटवायचे आणि मग तीच विडी ओढताना पुन्हा जंगल पेटवायचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

याला पर्याय आहे आणि तो तेंदूच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याला खुटकटाई म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे कोयत्याने जमिनीलगत छाटायची. साधारण दीड महिन्यात नवे फुटवे येतात आणि मे महिन्यात तोडायला चांगले पान मिळते. काम तेच होते, आग न लावता. मोहासाठीही झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरता येतात, पाचोळा झाडून बाजूला सारता येतो. फरक मजुरीचा आहे. काडीला काही पैसे पडतात, छाटणीला माणसांचे दिवस पडतात. हे दिवस कोणी भरायचे, यावर सगळे अडते. ठेकेदाराने अंग चोरले आणि वनखात्याने कागदावरच छाटणी दाखवली, की गावकऱ्याच्या हातात काडीच उरते.

इथे गरिबाला दोष देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. शेतीची कामे थांबलेली असताना मे महिन्यात रोख पैसे देणारे काम या भागात तेंदूपत्त्याचेच. पहाटे अख्खे कुटुंब रानात जाते, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देते. शाळेची पुस्तके, बियाणे, लग्नाचा खर्च यातून निघतो. गोंदियाचा व्यापारही याच पानावर वाढला. विडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि जिल्ह्यातल्या कित्येक पिढ्या तिच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकल्या. ज्या पानाने शहर उभे केले, त्या पानाच्या जंगलाची छाटणी करून देणे हा त्या धंद्याचा खर्च धरला गेला पाहिजे. मालाच्या भावात तो बसवणे अवघड नाही.

वनहक्क कायद्यानंतर गावांच्या हाती अधिकारही आला आहे. 2013 पासून गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करायला सुरुवात केली. ज्या गावाला पुढच्या वर्षीचे पानही विकायचे आहे, त्या गावाला या वर्षी रान जाळणे परवडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर याहून पुढचे पाऊल टाकले. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद केले. तोडणीसाठी झाडांची नासधूस होते, आगी लावल्या जातात, पानापासून होणारी विडी आरोग्याला घातक आहे आणि तेंदूचे फळ माणसांना, पाखरांना खायला हवे, ही त्यामागची कारणे. बांबूच्या उत्पन्नावर गावाने आपले अर्थकारण उभे केले. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही, पण आगीशिवाय जंगलावर जगता येते हे पाचगावने दाखवले आहे.

आता करायचे काय, तर तीन गोष्टी, आणि तिन्ही पुढच्या 15 फेब्रुवारीच्या आत. एक, तेंदूच्या प्रत्येक करारात खुटकटाईची मजुरी वेगळी दाखवावी आणि ती थेट मजुराच्या खात्यात जावी. तेंदूच्या ज्या युनिटमध्ये, म्हणजे ठेक्याच्या क्षेत्रात, आग लागली त्या युनिटच्या ठेकेदाराला त्याची किंमत मोजावी लागावी. दोन, वणवा विझवणाऱ्या हंगामी मजुराला आगीत टिकणारे कपडे, बूट, पाणी, प्रशिक्षण आणि विमा मिळाल्याशिवाय त्याला आगीवर पाठवू नये. तीन, रानाच्या वाटेवरच्या प्रत्येक गावात, जिथून लोक आत शिरतात तिथे, माचिस आणि लायटर ठेवून जाण्याची जागा ग्रामसभेने ठरवावी. बिरसीवर हे अनोळखी प्रवाशांना सांगून जमते, तर गावात आपल्याच माणसाला सांगणे जड जाऊ नये.

विडी ओढणाऱ्या वाचकाला वेगळी विनंती. सवय सोडायची असेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतीचा क्रमांक आहे, फोन मोफत आहे. सोडणे आज जमत नसेल, तर निदान फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत रानात जाताना माचिस घरी ठेवून जा.