डबा पोहोचला, पुढे काय?

चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की मुंबईतला जेवणाचा डबा चार-पाच दिवस बंद असतो. डबे वाहणारी माणसे त्या दिवसांत मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले अशा आपापल्या मुलखात आलेली असतात. अशाच दिवसांत मी पिंपळवंडीला गेलो होतो. संध्याकाळी ओट्यावर आमचे नाना बसले होते. नात्याने चुलते, उभी हयात त्यांनी मुंबईत डबे पोहोचवण्यात घालवली. शेजारी पुतण्या होता, पुण्यात एम.बी.ए. करणारा, शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेतलेला. तो कौतुकाने म्हणाला, ‘‘नाना, तुमच्या डब्यांवर आम्हाला अख्खा धडा आहे. परीक्षेतसुद्धा येतो.’’

नानांनी टोपी सारखी केली आणि विचारले, ‘‘हापिसंच बंद पडली तर डबेवाल्यानं काय करायचं, ते लिवलंय का त्यात?’’

पुतण्या गप्प झाला. खरे सांगायचे तर मीही गप्प झालो. गेले काही महिने तो प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

डबेवाल्यांच्या कामाची मांडणी आता जगजाहीर आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेले हे काम पुढे हजारो माणसांचे झाले. घरातून डबा एकजण उचलतो, स्टेशनवर तो गटागटाने वाटला जातो, लोकलच्या मालडब्यातून प्रवास करतो, उतरल्यावर पुन्हा वाटला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या हाताने कचेरीत पोहोचतो. झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे आणि आकडे एवढाच काय तो पत्ता. वीस-पंचवीस जणांचा एक गट, त्यावर मुकादम, प्रत्येक गटाचा हिशेब स्वतंत्र आणि मिळकतीची वाटणी सारखी. कोणी आजारी पडला तर त्याची जागा घ्यायला गटात एक-दोन माणसे जादा असतातच. नवा गडी आधी उमेदवारी करतो, मग भागीदार होतो.

हे सारे पाहून व्यवस्थापनाचे पंडित थक्क झाले, यात नवल नाही. १९९८ साली ‘फोर्ब्ज’ नियतकालिकाने त्यांच्यावर लिहिले, २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना भेटून गेले, आणि २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये स्टीफन थॉमके यांनी त्यांच्यावर अभ्यासपाठ तयार केला. तेव्हापासून जगभरच्या वर्गांत आमच्या मुलखाची माणसे शिकवली जातात.

पण काय शिकवले जाते? बहुतेक ठिकाणी सांगितला जातो तो ‘सिक्स सिग्मा’चा आकडा: साठ लाखांत किंवा एक कोटी साठ लाखांत एक चूक. हे प्रमाणपत्र डबेवाल्यांना कोणी रीतसर दिल्याची नोंद नाही. ‘फोर्ब्ज’च्या लेखातल्या अंदाजावरून ती आख्यायिका वाढत गेली. तिचा मोह कसा पडतो, हे समजण्यासारखे आहे. आकडा फळ्यावर लिहिता येतो. मिळकत सारखी वाटल्यामुळे माणूस दुसऱ्याचा डबा आपलाच समजून का उचलतो, हे फळ्यावर मावत नाही. त्यासाठी स्टेशनच्या फलाटावर उभे राहावे लागते.

मग २०२० चा मार्च उजाडला. लोकल थांबली, कचेऱ्यांना कुलपे लागली आणि सव्वाशे वर्षांत जे घडले नव्हते ते घडले. अनेक डबेवाले गावी परतले. कोणी शेतीला लागले, कोणी रिक्षा धरली, कोणी पहारेकरी झाले. कचेऱ्या उघडल्या, पण कर्मचारी आठवड्यातून दोन-तीन दिवसच येऊ लागले आणि महिन्याच्या डब्याचे गणित मोडले. ज्या व्यवस्थेत एकही डबा चुकत नव्हता, तिचे गिऱ्हाईकच जागेवर राहिले नव्हते. काम अचूक करणे आणि काम टिकवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. आपल्या व्यवस्थापनशाळा पहिली मन लावून शिकवतात. दुसरी बहुधा नोकरीत गेल्यावर ठेचा खाऊनच शिकावी लागते.

या शाळांचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. अहमदाबादची आय.आय.एम. १९६१ साली हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. त्या काळी कारखाना, कचेरी आणि त्यांतली उतरंड पक्की होती, आणि ती चालवणारा अधिकारी घडवणे हे काम या संस्थांनी चोख केले. आज ती उतरंडच ढासळते आहे. जेवण पोहोचवण्याचेच पाहा. तेच काम आता मोबाइलवरच्या कंपन्या करतात. तिथला मुकादम म्हणजे एक संगणकप्रणाली. ती पोऱ्याला ओळखत नाही, त्याची आई आजारी आहे हे तिला कळत नाही. कळतात ती मिनिटे आणि गिऱ्हाइकाने दिलेले तारे. अशा कामगारांची व्याख्या आपल्या कायद्यात पहिल्यांदा आली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला.

आमचा पुतण्या उद्या अशाच एखाद्या कंपनीत अधिकारी होईल. हजारो पोऱ्यांचे वेळापत्रक त्याच्या हाती असेल आणि त्यांतल्या एकाचेही तोंड त्याने पाहिलेले नसेल. माहितीचे पृथक्करण, कृत्रिम बुद्धिमत्ता हे विषय अभ्यासक्रमात आले, ते यायलाच हवे होते. पण यंत्राने दिलेला निर्णय अन्यायाचा असेल तर तो थांबवण्याची हिंमत कोणत्या सत्रात शिकवतात?

दुसरी बाजू गावाकडची. नारायणगाव आणि आळेफाटा यांच्यामधल्या आमच्या पट्ट्यात व्यवस्थापकाला काम नाही असे कोण म्हणेल? नारायणगावचा टोमॅटो बाजार, आळेफाट्याचा कांदा, द्राक्षाच्या बागा, विघ्नहर साखर कारखाना, पतसंस्था, दूध. शिवाय २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झालेला. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव निघाला आणि सप्टेंबरपर्यंत राज्यात शेतकऱ्यांवर माल फेकून द्यायची पाळी आली. लागवडीचा अंदाज, साठवण, प्रक्रिया, कर्ज या साऱ्यांचा प्रश्न त्या एका क्रेटमध्ये भरलेला आहे. याहून मोठा अभ्यासपाठ कुठे मिळणार?

पुतण्याला तेच वाटले. दोन महिन्यांच्या प्रत्यक्ष कामासाठी त्याने बाजारात बसायचे ठरवले होते. त्याच्या कॉलेजने सांगितले, कंपनीच्या लेटरहेडवर पत्र आणा. अडत्याच्या गाळ्यावर लेटरहेड कुठले असणार? शेवटी पुण्यातल्या एका वातानुकूलित कचेरीत बसून त्याने दुसऱ्यांनी भरलेले तक्ते जुळवले. अहवाल झाला, गुण मिळाले. बाजार राहूनच गेला.

हे निराळ्या तऱ्हेने करता येते, याची उदाहरणे आपल्यापाशीच आहेत. नेहमीच्या संस्थांतली मुले खेड्यात टिकणार नाहीत हे ओळखून वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली आणि विद्यार्थ्यांना खेड्यात राहायला लावले. पुण्यात वैकुंठ मेहता संस्था सहकाराचे शिक्षण देते. नाशिकजवळ मोहाडीला ‘सह्याद्री’ने शेतकऱ्यांची कंपनी उभी करून द्राक्षे परदेशी पाठवली. वाट आहे, तिच्यावरून जाणारे थोडे आहेत, कारण मोठ्या पगाराची पाटी दुसऱ्या बाजूला लागलेली असते.

त्या पाटीला भुलणाऱ्या आई-बापांना दोष देण्यात अर्थ नाही. जमीन तुकड्या-तुकड्यांची झाली, पोराने शहर गाठावे ही इच्छा रास्त आहे. पण लाखांची फी भरण्यापूर्वी कॉलेजच्या दारात तीन गोष्टी विचाराव्यात. सर्वांत मोठा पगार किती, हे सगळेच सांगतात. मधल्या मुलाला किती मिळाला? शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी कधी स्वतः काही चालवले आहे? आणि दोन वर्षांत मुलगा भिंतीबाहेर किती दिवस काढणार? उत्तरे गुळमुळीत आली तर पैसे खिशात ठेवावेत. कर्जाचा हप्ता चुकत नाही, नोकरी चुकू शकते.

निघताना मी नानांना विचारले, त्या बंदच्या काळात तुम्ही काय केले? ते म्हणाले, ‘‘गटातल्या पोरांना रोज फोन लावला. कोण जेवलं, कोण नाही, ते बघितलं. दुसरं काय करणार?’’

पुतण्या ते ऐकत होता. त्याने ते वहीत लिहून घेतले नाही, पण परतीच्या एस.टी.त आळेफाटा मागे पडल्यावर मला म्हणाला, ‘‘काका, उन्हाळ्यात मी बाजारात बसतोच. पत्र मिळो न मिळो.’’