तुरुंग-साहित्य नावाचा काल्पनिक देश

पदव्युत्तर मराठीच्या वर्गात ‘तुरुंग’ हा शब्द उच्चारला की उत्तरे ठरलेली असतात : मंडाले आणि ‘गीतारहस्य’, अंदमान आणि ‘माझी जन्मठेप’, धुळे आणि ‘गीता प्रवचने’, नाशिक आणि ‘श्यामची आई’. या उत्तरांत चूक काहीच नाही. परंतु ती वर्षानुवर्षे ऐकत गेल्यावर एक अजब देश डोळ्यांपुढे उभा राहतो. तिथे कोठडी म्हणजे गुंफा, शिक्षा म्हणजे तप, आणि सुटणारा प्रत्येक कैदी बगलेत हस्तलिखित घेऊनच बाहेर पडतो. असा देश पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. मराठी समीक्षेने आणि अभ्यासमंडळांनी तो वसवला, असा आमचा आरोप आहे.

खऱ्या तुरुंगाचे दार कुठे उघडते हे पाहायला कर्जत-खालापूरच्या एखाद्या कातकरी वाडीवर यावे. समजा, तिथल्या तरुणावर किरकोळ चोरीचा आळ आला आणि न्यायालयाने जामीनही मंजूर केला. आता जामीनदार हवा. जामीनदाराला ऐपतीचा दाखला हवा. दाखल्यासाठी सातबारा हवा. या पट्ट्यातल्या कित्येक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावरील जमिनीवर उभ्या आहेत. भाऊ, मेहुणा, शेजारी, सगळेच बिनसातबाऱ्याचे. त्यात दिवाळीनंतर बिऱ्हाडे वीटभट्टीवर गेली की समन्स घ्यायलाही दारात कोणी नसते. गुन्हा सिद्ध व्हायचा तेव्हा होवो न होवो. हा माणूस आत राहतो तो कागद नाही म्हणून.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मोतीराम खटल्यात नेमके यावरच बोट ठेवले होते. मध्य प्रदेशातला एक गवंडी, त्याला दहा हजारांचा जामीन, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो भाऊ जामीनदार चालेना! त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, २०२२च्या अखेरीस, देशातल्या सुमारे ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. चारांतल्या तिघांवर दोष सिद्ध झालेला नव्हता. त्यांनी कोणता ग्रंथ लिहावा अशी आपली अपेक्षा आहे?

भिंतीच्या आत जातही सुटत नाही. मंडालेत टिळकांच्या स्वयंपाकासाठी कुलकर्णी आडनावाचा एक कैदी दिलेला होता. चरित्रांतून ही गोष्ट जिव्हाळ्याचा तपशील म्हणून वाचली जाते. तुरुंगाच्या रचनेचा पुरावा म्हणून ती कुणी वाचत नाही. स्वयंपाक कोणी करायचा आणि मैला कोणी उचलायचा हे जातीवरून ठरवणारे नियम अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत पुढेही तसेच राहिले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले, ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. प्रजासत्ताकाला तोवर चौऱ्याहत्तर वर्षे होऊन गेली होती.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : राजबंद्यांच्या त्यागाशी चोरट्यांची तुलना करता काय? तुलना आम्ही करीत नाही. (‘चोरटे’ हा शब्द मात्र खटला उभा राहण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो.) उलट ‘माझी जन्मठेप’ नीट वाचली तर कोलू आणि कैद्यांवर कैद्यांनीच चालवलेला अंमल यांचा ढळढळीत तपशील तिथेही सापडतो. वर्गात तो पाच मिनिटांत संपतो आणि तास लेखकाच्या मनोबलावर खर्ची पडतो.

दुसरीकडे ‘फकिरा’ (१९५९) आणि ‘उचल्या’ (१९८७) पाहा. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची हजेरी, पोलीस, मार हे सारे या पुस्तकांत आहे. १८७१च्या कायद्याने आखलेला तो भिंती नसलेला तुरुंगच होता. हा कायदा १९५२ साली गेला. तरीही ही पुस्तके ‘दलित’, ‘भटके-विमुक्त’ या कप्प्यांत जातात. ‘तुरुंग-साहित्य’ या प्रकरणात त्यांना जागा नसते. कोण आत गेला म्हणजे ते साहित्य आणि कोण गेला म्हणजे समाजशास्त्र, हे कोणी ठरवले?

आमची मागणी साधी आहे. पुढल्या पुनर्रचनेत तुरुंग-साहित्याच्या घटकात ‘माझी जन्मठेप’शेजारी ‘उचल्या’ ठेवावी, आणि संदर्भवाचनात २०२४च्या निकालपत्रातली निवडक पाने मराठीत आणून घालावीत. वाड्यांवरून आमच्या वर्गांत येऊ लागलेल्या मुलांना तो मजकूर समजावून सांगावा लागणार नाही. त्यातले पुष्कळसे तीच आम्हाला समजावतील.