चूक न दाखवणारं सूत्र

शून्याने भागलं की एक्सेल लगेच बोंब मारतं. भीती बाळगावी ती गुमान नीटनेटका आकडा देणाऱ्या सूत्राची. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ खुंटते, हा राइनहार्ट-रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० सालचा निष्कर्ष काटकसरवाल्यांनी मिरवला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल उघडली, तर सरासरीचं सूत्र एल४९ ऐवजी एल४४ वरच थांबलेलं! ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हिशेबातून गळलेले.

कुणी म्हणेल, ९० टक्क्यांपलीकडच्या कर्जाच्या देशांची उणे ०.१ टक्क्याची सरासरी वाढ दुरुस्तीनंतर २.२ टक्के झाली, त्यात या सूत्राचा वाटा जेमतेम ०.३ टक्के-बिंदूंचा, बाकी फरक वगळलेल्या आकडेवारीचा आणि सरासरीत कुणाला किती वजन द्यायचं याचा. बरोबर आहे. पण त्या निवडींवर निदान वाद तरी घालता येतो. या पाच ओळी कुणी ठरवून वगळल्याच नव्हत्या, मग समर्थन कोण करणार आणि आक्षेप कोण घेणार? सूत्र तपासायला वेळ नसतो, ही सबबही लंगडी आहे. सूत्राच्या चौकटीत जाऊन एफ२ दाबलं की सूत्राने धरलेल्या ओळींभोवती रंगीत रेघ उमटते, आणि तळाच्या पाच ओळी रेघेबाहेर उघड्या पडलेल्या दिसतात.