किल्ला आणि गाव

सीरियातील होम्स शहराकडून भूमध्य समुद्राकडे जाणारा प्रवासी वाट वाकडी करून डोंगरमाथ्यावरील ‘क्राक दे शव्हालिए’ पाहावयास चढतो, तेव्हा त्याच्या मनात चिलखतधारी युरोपीय सरदारच वावरत असतात. त्यात नवल नाही. किल्ल्याचे नावच फ्रेंच आहे. वस्तुतः येथील पहिला किल्ला १०३१ च्या सुमारास अलेप्पोच्या अमिरासाठी बांधला गेला आणि त्यावर कुर्दांची शिबंदी बसविली गेली. म्हणूनच अरबी भाषेत तो हिस्न अल-अकराद, म्हणजे कुर्दांचा गड.

त्रिपोलीचा काउंट दुसरा रेमंड याने ११४२ मध्ये तो हॉस्पिटलर पंथाच्या हवाली केला. रुग्ण यात्रेकरूंच्या शुश्रूषेसाठी निघालेला हा पंथ तोवर शस्त्रधारी झाला होता. त्याने उभारलेले बांधकाम मात्र थक्क करणारे आहे. एका तटाच्या आत दुसरा, अधिक उंच तट. दक्षिणेस पायथ्याशी विस्तारत गेलेला प्रचंड उतरता दगडी बांध. आणि दरवाजातून आत शिरल्यावर अंधारातून चढत जाणारी, मध्येच उलट वळणारी छपरी वाट. शत्रूने पहिला दरवाजा फोडला तरी त्याला वरून होणारा मारा सोसतच पुढे सरकावे लागे. आतील सभागृहासमोरच्या सज्जाची नाजूक नक्षी आणि तेथील गर्वापासून सावध करणारा लॅटिन लेख पाहिला की बांधणाऱ्यांनाही आपल्या बळाची थोडी धास्ती वाटत असावी, असे मनात येते. ११८८ मध्ये सलाहुद्दीनही येथे येऊन वेढा न घालताच पुढे गेला. १२७१ मध्ये मात्र मामलुक सुलतान बैबर्सने गड घेतला. शरण येण्याची आज्ञा देणारे एक बनावट पत्र आत धाडून त्याने हे साधले, असे सांगतात. शिबंदीला त्याने त्रिपोलीपर्यंत सुखरूप जाऊ दिले, पडझड दुरुस्त केली, आणि चर्चची मशीद झाली.

माहितगार वाटाडे बहुधा इथेच थांबतात. पुढे शतकानुशतके जे घडले ते त्यांना सांगण्याजोगे वाटत नाही. तटांच्या आत एक गाव वसले. टी. ई. लॉरेन्स हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी १९०९ च्या उन्हाळ्यात पायी हिंडत येथे आला, तेव्हा धर्मयोद्ध्यांच्या दालनांत शेतकऱ्यांचे संसार चालू होते. १९३३ मध्ये, सीरिया फ्रेंच अंमलाखाली असताना, फ्रान्सने किल्ला ताब्यात घेतला. ग्रामस्थांना सर्वांत मिळून दहा लाख फ्रँक भरपाई देऊन बाहेर काढले, त्यांच्या वस्तीच्या खुणा पुसल्या आणि ‘मूळ’ रूप उजळले. किल्ला त्यामुळे वाचला, हे नाकारता येणार नाही. पण मूळ कोणते, हे ठरविण्याचा अधिकार राज्यकर्त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता, हेही तितकेच खरे.

२००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. अवघ्या काही वर्षांत यादवी युद्ध पेटले आणि डोंगरावरचा गड पुन्हा लष्करी ठाणे झाला. बंडखोरांनी त्याचा आश्रय घेतला, सरकारी तोफा व विमानांनी मारा केला. २०१३ मध्ये संकटग्रस्त वारशांच्या यादीत त्याचे नाव गेले. मार्च २०१४ मध्ये सरकारी सैन्याने तो घेतला. त्या वेळी पायथ्याचे अल-हिस्न गाव उद्ध्वस्त झाले, आणि कित्येक रहिवासी लेबनॉनच्या दिशेने पळाले. आठ दशकांत हे दुसरे उठणे. पहिल्या वेळी भरपाई तरी मिळाली होती.

डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळली. आता जीर्णोद्धाराचे आराखडे मांडले जातील, देशोदेशींचे तज्ज्ञ येतील, सज्जाच्या नक्षीतील प्रत्येक चिऱ्याची नोंद होईल. ती व्हावीच. त्याच आराखड्यात गावातील पडलेली घरे, त्यांचे मालक आणि त्यांच्या परतीचा खर्च यांनाही एक रकाना असावा. पैसा देणाऱ्या संस्थांनी मंजुरीपूर्वी निदान एवढी अट घालावी.